हसण्याचा अधिकार

झेंडूच्या फुलाची गंमत अशी आहे, की त्याच्यावाचून आपला दसरा होत नाही आणि दिवाळीही होत नाही. पण फुलांच्या पंक्तीत त्याला मानाचे पान कोणी वाढीत नाही. मोगरा, जाई, निशिगंध यांची वर्णने करता करता कवींच्या लेखण्या झिजल्या. गुलाबाला तर त्यांनी प्रेमाचा वकीलच नेमून टाकला. झेंडूने मात्र दाराच्या चौकटीवर टांगून घ्यायचे, नाहीतर लक्ष्मीपूजनाला चोपड्यांवर जाऊन बसायचे. त्याचा वास उग्र, रंग भडक आणि अंग चिवट. गुलाबाची पाकळी संध्याकाळी गळून पडते. झेंडू तोरणात चार दिवस सुकतो, तरी आपला रंग सोडीत नाही.

१९२५ साली प्रल्हाद केशव अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने आपल्या विडंबनांचे पुस्तक काढले आणि त्याला 'झेंडूची फुले' हे नाव दिले, तेव्हा या फुलाला प्रथमच साहित्यात न्याय मिळाला असे म्हटले पाहिजे. त्या पुस्तकाला आता शंभर वर्षे होऊन गेली. त्यात ज्यांची थट्टा केली होती त्यांच्यापैकी कित्येकांच्या मूळ कविता आज सामान्य वाचकाला ठाऊकही नसतात. थट्टा मात्र जिवंत आहे. घरातल्या एखाद्या आजोबांना ती अजून मुखोद्गत असते आणि फराळाच्या ताटाभोवती त्यांनी दोन ओळी म्हटल्या, की नातवंडे खो खो हसतात.

हे हसणे ऐकले, की एक जुना प्रश्न माझ्या मनात डोके वर काढतो. दुसऱ्याला हसण्याचा अधिकार माणसाला मिळतो तरी कोठून? रडण्याला कोणाची परवानगी लागत नाही. रडणारा माणूस स्वतःपुरते रडतो. पण हसणाऱ्याला बहुधा दुसरा कोणीतरी लागतो, आणि त्या दुसऱ्याला आपण विचारलेले नसते. मग ज्या हसण्याने एक माणूस सुखावतो आणि दुसरा दुखावतो, त्याला पुण्य म्हणावे की पाप? विनोदी लेखकांची गौरवाने नावे घेणाऱ्या आपण सर्वांनी या प्रश्नाला कधीतरी सामोरे जायलाच हवे.

अत्र्यांनी कोणाची थट्टा केली होती? १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ निघाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश अशी मोठी माणसे त्यात होती. कविता सभेत गाऊन दाखवण्याची प्रथा त्यांनी लोकप्रिय केली, प्रेमाला मराठी कवितेत उघड्या माथ्याने वावरायला शिकवले, फारसी शब्दांची आणि नव्या वृत्तांची भर घातली. ही त्यांची कामगिरी लहान नव्हती. पण कोणतीही नवी वाट मळली, की तिच्यावर गर्दी होते. खऱ्या व्याकुळ कवीच्या मागोमाग नुसता उसासा टाकणाऱ्यांची रांग लागली. ज्याने प्रेम केले नव्हते तो विरहाने झुरू लागला आणि ज्याला मराठी धड येत नव्हते त्याच्या तोंडी फारसी शब्द खेळू लागले. केशवकुमारांनी नेमके येथे बोट ठेवले.

त्यांची 'प्रेमाचा गुलकंद' ही कविता पाहा. एक प्रेमवीर आपल्या प्रेयसीला नित्यनेमाने गुलाबाची फुले देत असतो. ती मुकाट्याने घेते. दिवसामागून दिवस जातात. शेवटी त्याचा धीर सुटतो आणि आपल्या फुलांचे काय झाले असे तो विचारतो. तेव्हा ती बरणी आणून त्याच्यापुढे ठेवते. त्याच्या साऱ्या गुलाबांचा तिने गुलकंद करून ठेवलेला असतो! या कवितेत प्रेमाची थट्टा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ती नीट वाचलेली नाही. तिच्यात थट्टा आहे ती तोंड उघडून दोन शब्द बोलण्याऐवजी फुलांच्या आड लपणाऱ्या ढोंगी हळवेपणाची. ती मुलगी तर मला फार शहाणी वाटते. तिने फुले फेकली नाहीत, प्रेमवीराचा अपमान केला नाही. घरात आलेल्या वस्तूचे मराठी घरातली गृहिणी जे करील तेच केले.

'परिटास' ही दुसरी अशीच कविता. तिच्यात सारी आर्तता आहे, विरहाची वाट पाहणे आहे. फक्त ज्याची वाट पाहायची तो प्रियकर नसून कपडे घेऊन गेलेला परीट आहे. अंगरखा एका मापाचा आणि माणूस दुसऱ्या मापाचा असला म्हणजे हसू येते. भाषेचेही तसेच आहे. येथे अत्रे परिटाला हसत नाहीत. परिटाच्या धंद्यात हसण्यासारखे काही नाही. ते हसतात उसन्या अंगरख्याला.

मला वाटते, या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा येथेच सापडतो. माणसाजवळ दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही त्याला मिळालेल्या असतात आणि काही त्याने मुद्दाम पांघरलेल्या असतात. रंग, रूप, जात, दारिद्र्य, शरीराचे व्यंग, बापाचा धंदा, आईच्या तोंडची बोली या त्याला मिळालेल्या गोष्टी. त्यांच्याबद्दल त्याला जबाबदार धरणे म्हणजे पाऊस पडला म्हणून छत्रीला रागावणे आहे. पण विद्वत्तेचा आव, साधुत्वाचा टिळा, श्रीमंतीचा डौल, भावनेचा खोटा उमाळा या पांघरलेल्या गोष्टी. मिळालेल्याला हसणे हा क्रूरपणा. पांघरलेल्याला हसणे ही एक प्रकारची सेवा. अंगातून अवयव उपटता येत नाही, पण पांघरूण काढून ठेवता येते.

समर्थ रामदासांना हा भेद पक्का ठाऊक होता. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात त्यांनी मूर्खांची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची. पहिल्या मूर्खाला ते रागावतात, पण त्याच्या सुधारण्याची त्यांना आशा असते. पढतमूर्ख मात्र सारे जाणतो, दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः त्याच्या उलट वागतो. अज्ञान हे मिळालेले असू शकते. ज्ञानाचे सोंग मात्र आपल्याच हाताने चढवावे लागते, आणि म्हणून समर्थांचा आसूड तेथे अधिक जोराने वाजतो.

शिक्षकाच्या पेशात हा भेद पुस्तकात शोधावा लागत नाही. तो रोज फळ्यासमोर येऊन उभा राहतो. आमच्या कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळणारा रस्ता आंदर मावळात जातो. त्या बाजूच्या डोंगरवाड्यांतून शिकायला येणारी मुले 'पाणी'ला 'पानी' म्हणतात आणि 'कोणी'ला 'कोनी'. एकदा असाच एक मुलगा धडा वाचायला उभा राहिला. स्टेशनाजवळच्या चाळीतली चारदोन मुले त्याच्या उच्चाराला हसली, आणि पाहता पाहता सारा वर्ग हसला. मुलाने वाचन पुरे केले. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्याने आपण होऊन हात वर केला नाही. ज्या भाषेत त्याला आईने घास भरवला होता, तीच त्याला आता तोंडात लपवून ठेवावीशी वाटू लागली. मी त्या मुलांना विचारले, "पानी म्हटल्याने तहान भागायची राहते का रे?" ती हसली, पण या खेपेचे हसणे निराळे होते.

याच मुलांनी एकदा मधल्या सुट्टीत माझी नक्कल केली. खाकरण्याची तऱ्हा, चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा टेबलावर शोधण्याची सवय, 'बरे का' हे पालुपद, सारे हुबेहूब. खिडकीबाहेर उभा राहून मी ती शेवटपर्यंत पाहिली आणि तेथून हलकेच निघून गेलो. शिक्षक म्हणून मी जो रुबाब पांघरतो, त्याची एक कड त्यांनी उचलली होती, एवढेच. हे दोन्ही हसणे एकाच वर्गातल्या मुलांचे, एकाच वयाचे. पण एकाने एका जिवाचे तोंड बंद केले, आणि दुसऱ्याने एका मास्तराला थोडे माणसात आणले.

विडंबनाचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच नाही. इंग्रजी साहित्यात अठराव्या शतकात अलेक्झांडर पोप नावाचा एक कवी होऊन गेला. इंग्रजी भाषेतल्या सर्वांत तीक्ष्ण उपहासकारांत तो गणला जातो. १६८८ साली लंडनमध्ये एका कॅथॉलिक व्यापाऱ्याच्या पोटी तो जन्मला. त्या काळी इंग्लंडात कॅथॉलिकांना विद्यापीठांचे दरवाजे बंद होते. त्यात लहानपणी क्षयाने त्याचा पाठीचा कणा वाकला. त्याची उंची साडेचार फुटांच्या आसपासच राहिली आणि पुढे तर दुसऱ्याच्या मदतीवाचून त्याला धड कपडेही घालता येत नसत. त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या काव्याला उत्तर देताना त्याच्या कुबडावरही शब्द खर्च केले. मिळालेल्या गोष्टीला हसणे म्हणजे काय, हे पोपला कोणी शिकवायला नको होते.

या एकाच माणसाने दोन तऱ्हांनी हसून दाखवले आहे, आणि म्हणूनच त्याची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. लॉर्ड पीटर नावाच्या एका तरुण उमरावाने अ‍ॅराबेला फर्मर या सुंदर मुलीच्या केसांची एक बट गमतीने कापून घेतली. दोन्ही घराणी कॅथॉलिक आणि प्रतिष्ठित. त्या बटेवरून त्यांच्यात चांगलेच वितुष्ट आले. तेव्हा एका समाईक स्नेह्याने पोपला गळ घातली, की यावर काहीतरी गमतीदार लिही, म्हणजे हे भांडण हसण्यावारी जाईल. पोपने त्या चिमूटभर केसांवर महाकाव्याच्या थाटाचे काव्य रचले. १७१२ साली ते प्रथम निघाले आणि १७१४ मध्ये वाढवून पुन्हा छापले गेले. त्यात नायिकेच्या प्रसाधनाच्या मेजाची पूजा आहे, पत्त्यांच्या डावाचे तुंबळ युद्ध आहे, रक्षणाला अदृश्य देवता आहेत, आणि शेवटी ती बट आकाशात जाऊन तारा होते. आपल्याकडे हळदीकुंकवाच्या मानापानावरून दोन घरे बोलेनाशी झाली आणि कोणी त्यावर युद्धकांड रचले, तर जे होईल तेच येथे झाले आहे. यातले हसणे भांडण मिटवायला निघाले होते.

पुढे पोप कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. १७२५ साली त्याने शेक्सपिअरची नाटके संपादून काढली. दुसऱ्याच वर्षी लुइस थिओबाल्ड नावाच्या एका साध्या अभ्यासकाने त्या संपादनातल्या चुका पुराव्यानिशी दाखवून दिल्या. पोपने चुकांना उत्तर दिले नाही. १७२८ मध्ये त्याने 'डन्सियाड' हे काव्य लिहिले, ज्याला आपण ठोंब्यांचे महाकाव्य म्हणू, आणि त्या ठोंब्यांच्या राज्याचा राजा केले थिओबाल्डला! त्या काव्यात भाडोत्री लेखकांच्या लबाडीबरोबर त्यांच्या फाटक्या कपड्यांना आणि उपाशी पोटांनाही पोप हसला. ज्याच्या वाकलेल्या पाठीवर जगाने दगड मारले, त्याने आपल्या हातातला दगड दुसऱ्याच्या रिकाम्या पोटावर मारला.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. थिओबाल्डने १७३३ साली शेक्सपिअरची स्वतःची आवृत्ती काढली, आणि संपादनाच्या बाबतीत तोच पोपपेक्षा सरस होता, असा पुढच्या अभ्यासकांनी निर्वाळा दिला. म्हणजे काव्यात पोप जिंकला आणि वस्तुस्थितीत थिओबाल्ड. हसून माणसाला गप्प करता येते, पण त्याचे म्हणणे खोटे पाडता येत नाही. खुद्द पोपनेही १७४३ मध्ये त्या ठोंब्यांच्या सिंहासनावरून थिओबाल्डला उतरवले आणि कॉली सिबर या राजकवीला बसवले! माणसे बदलली तरी काव्य चालू शकते, याचा अर्थ सिंहासन दोषासाठी नव्हते, रागासाठी होते.

येथे कोणी विचारील, की असे तराजू लावीत बसले तर हसायचे तरी केव्हा? आणि मग मोठी माणसे, बलवान माणसे यांना कोणी हसूच नये काय? याचे उत्तर अगदी उलट आहे. ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्या अंगावर पांघरुणेही अधिक असतात. म्हणून त्याला हसणे अधिक न्याय्य, आणि हसणाऱ्याला धोकाही अधिक. आपल्या तमाशातला सोंगाड्या हेच करीत आला. गावचा पाटील पुढच्या बैठकीला बसलेला असतो आणि सोंगाड्या त्याच्यासमोरच पाटीलकीची टोपी उडवतो. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून जोशी, गोंधळी, भुत्या अशी सोंगे घेऊन लोकांना हसवले. पण हसता हसता ऐकणाऱ्याच्या लक्षात येई, की हे सोंग आपलेच आहे.

अत्र्यांचेही पुढचे आयुष्य याच मार्गाने गेले. 'साष्टांग नमस्कारा'सारखी नाटके लिहून त्यांनी समाजाच्या खुळांना हसवून घेतले. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी दैनिक 'मराठा' सुरू केला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची लेखणी व वाणी तोफेसारखी धडाडली. सत्तेपुढे मान तुकवून बसलेल्या महाराष्ट्राची हसता हसता भीड चेपली. परंतु अत्र्यांचा भक्तही हे नाकारणार नाही, की त्या लेखणीला कधी कधी ताळतंत्र राहिले नाही. ना. सी. फडक्यांशी झालेल्या त्यांच्या वादात, आणि राजकारणातल्या विरोधकांवर केलेल्या हल्ल्यांत, मताला सोडून माणसाला हाणलेले घाव कितीतरी सापडतील. थोर माणसाचे दोष झाकल्याने तो अधिक थोर होत नाही.

मग अत्रे पोपच्या पंगतीला बसतात काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या विनोदात नसून त्यांच्या अश्रूंत आहे. ज्या माणसाने महाराष्ट्राला पोट धरधरून हसवले, त्यानेच साने गुरुजींची 'श्यामची आई' १९५३ साली पडद्यावर आणली. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटाने मिळवले, आणि थेटरात बसलेल्या थोराडांचे रुमाल भिजवले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरून पंडित नेहरूंवर ज्यांनी शब्दांचे निखारे फेकले होते, त्याच अत्र्यांनी १९६४ च्या मे महिन्यात नेहरू गेल्यावर ओक्साबोक्शी रडावे तसे लेख लिहिले. 'सूर्यास्त' हे त्या लेखांच्या पुस्तकाचे नाव. मेलेल्या शत्रूची स्तुती जग नेहमीच करते. ती चांगुलपणाची स्वस्त रीत आहे. पण ते लेख वाचताना वाटते, की ज्याच्याशी हा माणूस भांडत होता त्याच्यावर याचे आतून प्रेम होते.

हा वारसा अत्र्यांना त्यांच्या गुरूकडून मिळाला असावा. ते राम गणेश गडकऱ्यांना गुरू मानीत. गडकऱ्यांची तर दोन नावे होती. कविता लिहिणारा 'गोविंदाग्रज' आणि विनोद लिहिणारा 'बाळकराम'. 'एकच प्याला'त तळीराम प्रेक्षकांना हसवतो आणि त्याच रंगभूमीवर सिंधू त्यांना रडवते. १९१९ च्या जानेवारीत गडकरी अकाली गेले, पण हसू आणि आसू ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे ते मराठी माणसाला शिकवून गेले.

आता उत्तराचा दुसरा धागा हाती येतो. ज्याच्यासाठी आपल्याला रडता येते, त्यालाच हसण्याचा अधिकार आपल्याला आहे. आई मुलाच्या बोबड्या बोलाला हसते, ते मुलाला लागत नाही. तेच बोल शेजारी हसला तर आईच्या काळजाला लागतात. शब्द तेच, हसू तेच. फरक फक्त त्या हसण्यामागे उभ्या असलेल्या मायेचा. अत्र्यांनी कवींची थट्टा केली, पण ते स्वतः कवितेचे वेडे होते, 'गीतगंगा' लिहिणारे कवी होते. आपल्याच घरातल्या माणसाची फिरकी घ्यावी तशी त्यांनी ती घेतली. म्हणून तर 'झेंडूची फुले' वाचून हसणारे लोक यशवंतांची आणि गिरीशांची कविता गायचे थांबले नाहीत.

आणि याच्याही पलीकडे एक पायरी आहे. तिच्यावर उभा असलेला माणूस आमच्या मावळच्या अगदी जवळचा आहे. लोणावळ्याच्या डोंगरातून निघालेली इंद्रायणी मावळातून वाहत देहूला जाते. त्या देहूच्या तुकोबांनी दांभिकांना जितके झोडपले तितके मराठीत क्वचितच कोणी झोडपले असेल. जटा वाढवणारे, राख फासणारे, कथा विकणारे, पोथीचा अर्थ न जाणता तिचा भार वाहणारे, कोणीही त्यांच्या तावडीतून सुटला नाही. पण त्यांच्या गाथेत आणखी एका माणसाला सर्वांत अधिक बोल लावले आहेत, आणि तो म्हणजे खुद्द तुका! आपले दिवाळे, दुष्काळातली आपली दैना, मनाचा चंचलपणा, लोकांनी केलेल्या स्तुतीने सुखावणारा आपला जीव, यांतले काहीही त्यांनी झाकले नाही. ज्या काठीने जगाला मारले तीच काठी आधी स्वतःच्या पाठीवर मोडून घेतली. परंपरा सांगते, की ज्या रामेश्वरभट्टांनी त्यांच्या अभंगांना विरोध केला, तेच पुढे त्यांचे भक्त झाले. उपहासाने हरलेला माणूस वैरी होतो. ज्याने आधी स्वतःला हसून घेतले आहे, त्याच्यापुढे हरण्यात मात्र मानहानी वाटत नाही.

आज हसण्याची साधने फार वाढली आहेत. पूर्वी विडंबन करायचे तर वृत्त यावे लागे, भाषा यावी लागे, ज्याची थट्टा करायची त्याची कविता पाठ असावी लागे. त्या मेहनतीत राग बराचसा निवून जाई. आता खिशातल्या मोबाईलवर एका बोटाने कोणाचेही चित्र, कोणाच्याही जाड्या देहाची, तोतऱ्या बोलण्याची, घसरून पडण्याची थट्टा क्षणात शंभर घरी पोहोचते. ज्याला हसलो तो माणूस आपल्याला दिसत नाही, आणि त्याचा पडलेला चेहराही दिसत नाही. कान्ह्याच्या स्टेशनावर लोकलची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले, तर जो तो आपापल्या हातातल्या काचेकडे पाहून हसत असतो. पण शेजाऱ्याकडे पाहून कोणी हसत नाही. हसणे इतके वाढले आणि हसतमुख माणसे मात्र कमी झाली, हे कोडे उलगडायला फार विचार करावा लागेल असे नाही.

दिवाळीत घरे भरलेली असतात. काका येतात, आत्या येतात, नवे जावई येतात, पहिल्यांदाच सासरी दिवाळी करणारी सून असते. चकली बिघडली, करंजी फुटली, लाडू फोडायला अडकित्ता मागवावा लागला, की हसण्याचा एकच कल्लोळ उठतो. तो उठू द्यावा. विनोदावाचून सण म्हणजे मिठावाचून फराळ. पण त्या हसणाऱ्यांच्या घोळक्यात एक तोंड गप्प झाले आहे काय, एवढे घरातल्या वडीलधाऱ्याने पाहावे. आणि तसे आढळले, तर विषय बदलण्याची खटपट न करता आपल्याच बावळटपणाची एखादी जुनी गोष्ट काढावी. प्रत्येकाच्या गाठीला अशा दोनचार तरी असतातच. मग ते गप्प झालेले तोंडही हसायला लागते, आणि घरात पाहुणे म्हणून आलेली माणसे उठताना घरची होऊन उठतात.